चापाचा दोष

क्लबात एक अलिखित नियम होता, आणि भिंतीवर लिहिलेल्या सगळ्या नियमांपेक्षा तो जास्त पाळला जायचा: नेम लागला तर हात चांगला, नेम चुकला तर चाप कडक. चाप चांगला आणि हातच वाईट, असं आजवर एकाही सभासदाच्या बाबतीत घडलेलं नव्हतं. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं तळघर होतं ते. पूर्वी जिथे लाद्या रचून ठेवत तिथे आता टार्गेटं टांगत, आणि दर रविवारी सकाळी शहाणीसुरती माणसं आपापल्या रिव्हॉल्वरच्या चापाला नावं ठेवायला तिथे जमत. मधूनमधून गोळीबारही होई.

थोरली त्यातलीच. तिला थोरली म्हणत, कारण तिची धाकटी जाऊही त्याच क्लबात होती, आणि नुसत्या आडनावानं हाक मारली की 'तिला म्हणताहेत' असं समजून दोघींपैकी एकही ओ देत नसे.

थोरलीचं कपडे अल्टर करून द्यायचं दुकान होतं. दुकान म्हणजे लाँड्रीच्या मागची एक खोली. भिंतीपलीकडून दिवसभर वाफेचे फुत्कार यायचे आणि उन्हाळ्यात तर खोलीत बसल्या बसल्या माणसाला इस्त्री व्हायची. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून पोट आत ओढायचं आणि म्हणायचं, "धुतल्यावर आखडली हो ही." थोरली तोंडात टाचण्या धरून मान डोलवायची. तिच्या उभ्या धंद्यात एकही माणूस जाड झालं नव्हतं. आखडत आलं होतं ते कापडच. रात्री जेवताना ती नवऱ्याला ह्या सगळ्यांच्या नकला करून दाखवायची आणि रविवारी क्लबात येऊन तितक्याच गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "चाप फार कडक आहे हो हा."

बक्षिसाची तिला हौस नव्हती. तिला हवी होती ती रेघ. जमिनीवर पांढऱ्या रंगानं आखलेली, पायांनी झिजलेली, तळघराच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली. त्या रेघेवर उभं राहून कानांवर टोपणं चढवली की तिला कुणी 'अगं' म्हणू शकत नव्हतं, कुणी 'बाई, उद्याच हवंय' म्हणू शकत नव्हतं, आणि म्हणालंच तरी ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. समोर कागद, हातात वजन, मध्ये कुणी नाही. आठवड्यात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. एवढीशी शांतता मिळवायला माणसाला गोळीबार करावा लागतो, ही संसाराची गंमत. असो.

तर त्या रेघेवरच वस्तादांनी घाला घातला. वस्ताद म्हणजे निवृत्त कवायत-मास्तर. मैदानासाठी कमावलेला आवाज ते तळघरात वापरायचे. एका रविवारी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं की यंदापासून रेघेवर राहायचं तर परीक्षा द्यावी लागेल. आजवर मंडळी आधी अंगठ्यानं घोडा मागे ओढून ठेवत आणि मग चापाला नुसता बोटाचा स्पर्श करत. ते लाड बंद. आता एकाच दमात चापानंच घोडा उठवायचा आणि चापानंच गोळी सोडायची. पाचाची फेरी, आणि बहुतेक गोळ्या काळ्या गोलात.

"आणि नाही जमलं तर?" कुणीतरी विचारलं.

"तर सन्माननीय सभासद," वस्ताद म्हणाले.

तळघरात एकदम बर्फाच्या दिवसांतला गारठा पसरला. सन्माननीय सभासद भिंतीकडेच्या बाकावर बसत. भोकं पडलेल्या टार्गेटांना ते कागदाच्या टिकल्या चिकटवत आणि चहाचे कप विसळत. त्यांच्या नावाआधी 'सन्माननीय' लागे आणि त्यांच्या हातात गोंदाची बाटली येई. रिव्हॉल्वर मात्र पुन्हा यायचं नाही.

थोरलीच्या गोळ्या गेली कित्येक वर्षं एकाच जागी जात होत्या. ही कौतुकाची गोष्ट ठरली असती, पण ती जागा काळ्या गोलाच्या खाली डावीकडे होती. ती क्लबाचं सामायिक रिव्हॉल्वर वापरायची. त्याची काडतुसांची चक्री हलत्या दातासारखी हलायची, त्यामुळे दोष कुणाचा हे उघडच होतं.

"ताई, तुम्ही आता स्वतःचं घ्याच," धाकटी म्हणाली. ती क्लबाची विजेती होती आणि उपदेशाच्या बाबतीत तिचा हात सढळ होता. "चाप चांगला बघून घ्या. सगळं चापावर असतं. नाहीतर बाकावर बसावं लागेल हो, आणि तुम्हाला तर गोंदाच्या वासानं शिंका येतात."

"माझी काळजी तुलाच," थोरली म्हणाली.

बंदुकांच्या दुकानात ती नवऱ्याला घेऊन गेली. म्हणजे तोच आला. वजनकाटे दुरुस्त करायचा त्याचा धंदा. सगळे त्याला काटेवाले म्हणत. तो येताना पिशवीत एक ताणकाटा घेऊन आला होता, आकडीला पोतं अडकवून वजन बघतात तसला.

"हे कशाला?" थोरलीनं विचारलं.

"चाप मोजू. डोळे झाकून घेतेस की काय?"

काटेवाल्यांना एक रोग होता: हलकं करण्याचा. त्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा जड चालत होती, आणि ती हलकी करायला त्यांना धाडलेलं होतं. घराच्या दाराची कडी त्यांनी इतकी हलकी केली होती की वारा आला की दार 'या, बसा' म्हणत उघडायचं. टेबलाचा खण ओढला तर थेट पायावर. स्वयंपाकघरातला काटा फुंकर मारली तरी हलायचा. घरात एकच गोष्ट त्यांना हलकी करता आली नव्हती, ती म्हणजे त्यांची जीभ. बायकोशी बोलायची वेळ आली की तीच जड व्हायची. मग ते पान्हा काढायचे आणि काहीतरी सैल करून द्यायचे. थोरलीला ते कळायचं. पायावर खण पडला की तेवढ्यापुरतं विसरायला व्हायचं, एवढंच.

दुकानदारानं थोरलीकडे एकदा पाहिलं आणि खालच्या फळीवरची पेटी काढली. "ताई, लेडीजसाठी खास माल आलाय. मूठ बघा."

मूठ गुलाबी होती. आंधळ्यालाही दिसली असती.

"चाप कसा आहे?"

"चापपण लेडीजच आहे."

त्यानं चक्रीच्या घरांत काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घातल्या, म्हणजे घोडा आपटून आतलं काही बिघडायला नको, आणि रिव्हॉल्वर तिच्या हातात दिलं. भिंतीकडे धरून थोरलीनं चाप ओढला. आधी काहीच झालं नाही, मग खडी चावल्यासारखं झालं, मग काहीतरी अडलं आणि एकदम सुटलं.

"ही लेडीज म्हणजे कुणाची तरी सासू असणार," ती म्हणाली आणि ते खाली ठेवलं.

दुसरं चकचकीत होतं, लांब नळीचं. घोडा आधी उठवून ठेवला तर चाप लोण्यासारखा चाले. पण एका दमात ओढायला गेलं की शेवटच्या टप्प्यात आडून बसे. म्हणजे दुकानात गोड आणि घरी नेल्यावर खरा रंग. स्थळं बघताना असली खूप पाहिली होती तिनं.

तिसरं जुनं होतं. निळसर मुलामा कडांवर उडालेला, लाकडी मूठ तडा गेलेली आणि परत चिकटवलेली. दुकानदारानं ते काढलंसुद्धा नव्हतं. तिनंच कपाटात मागे बोट दाखवलं. तिनं चाप ओढला. जड होता. पण सुरुवातीला जेवढा जड तेवढाच मध्ये आणि तेवढाच शेवटी. कुठे खडी नाही, कुठे रुसवा नाही. थोरलीला आपली कात्री आठवली. चांगली कात्री हलकी नसते. मुळापासून टोकापर्यंत एकाच सुरात कापते. जी सुरुवातीला भुर्रकन पळते तीच शेवटी कापड चावते.

"हे," ती म्हणाली.

"थांब, थांब." काटेवाल्यांनी ताणकाट्याची आकडी चापाला अडकवली, दम धरून ओढली आणि काटा वाचून त्यांचा चेहरा उतरला. "अगं, हा तर सगळ्यांत जड! पिठाचा डबा उचलतेयस का एका बोटानं?"

"जड असू दे. एकसारखा आहे."

"हलका मिळत असताना जड कशाला?"

"हलका मिळत नाही," दुकानदार म्हणाला. गुलाबी मूठ परत पेटीत गेल्यामुळे त्याचा गोडवाही पेटीत गेला होता. "काटेवाले, हे बारीक काडतूस. पेटायचं औषध ह्याच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं. घोड्यानं कडेवर सणसणीत ठोका दिला तरच उडतं. ठोका सणसणीत हवा तर स्प्रिंग दणकट हवी, आणि स्प्रिंग दणकट तर चाप जड. हलकाच हवा असेल तर शेजारी खेळण्यांचं दुकान आहे, पाण्याची पिचकारी मिळेल."

"स्प्रिंग आहे म्हणजे सैल होतेच," काटेवाले पुटपुटले. ते कुणी मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

परवाना, कागदपत्रं, सह्या सगळं झाल्यावर रिव्हॉल्वर थोरलीचं झालं, आणि पुढच्या रविवारी तिच्या गोळ्या काळ्या गोलाच्या खाली डावीकडे गेल्या. अगदी त्याच जागी. जणू त्यांनी तिथे घर केलं होतं.

"नवीन चाप आहे," थोरली म्हणाली. "हाताला बसायला वेळ लागतो."

"नवीन?" धाकटीनं मुठीकडे पाहिलं. "ताई, हे माझ्या सासऱ्यांच्या वयाचं दिसतंय."

"तुझे सासरे माझेही सासरेच लागतात. आणि शेवटपर्यंत ठणठणीत होते."

पण मनातून ती घाबरली होती. चक्री हलत नव्हती, चाप एकसारखा होता, निवड तिची स्वतःची होती. आता उरलं कोण? ह्या प्रश्नाचं उत्तर फारसं अवघड नव्हतं, म्हणूनच तिनं ते शोधलं नाही. रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ती रिकाम्या पुंगळ्या घालून भिंतीवरच्या बटणाकडे नेम धरायची आणि चाप ओढत बसायची. घरात नळी जराही हलायची नाही, मग रविवारी काय होतं? बोट ठणकायला लागलं की कोमट पाण्यात बुडवून बसायची. काटेवाले दारातून बघायचे, काहीतरी बोलायचं असल्यासारखं तोंड करायचे आणि चहा टाकायला निघून जायचे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी थोरलीनं नेहमीसारखं रिव्हॉल्वर हातात घेतलं, चाप ओढला, आणि थबकली. पुन्हा ओढला. चाप साय मोडावी तसा येत होता.

"अहो!" ती ओरडली. "बसला! चाप हाताला बसला एकदाचा!"

काटेवाले वर्तमानपत्रात इतके खोल शिरले की फक्त कान दिसत होते. ते लाल झाले होते. थोरलीला वाटलं, आनंदानं.

त्याच वेळी धाकटी काहीतरी परत करायला आली होती. तिनंही एकदा ओढून पाहिला आणि क्षणभर तिची बोलती बंद झाली, जे एरवी औषध देऊनही होत नसे. "छानच आहे हो," ती म्हणाली. "इतका छान तर माझाही नाही." जावेच्या तोंडून एवढं ऐकल्यावर थोरलीला झोप लागली नाही, आणि ती त्या झोप न लागण्यावरही खूश होती.

सकाळी तळघर गच्च भरलं होतं. आपली परीक्षा असो नसो, दुसऱ्याची कोण चुकवेल? काटेवाले बाकाच्या टोकाला बसले होते. थोरली रेघेवर उभी राहिली, टोपणं चढवली, पाच काडतुसं भरली. वस्तादांनी हात खाली केला.

पहिली गोळी उडाली. दुसऱ्यांदा तिनं चाप ओढला. साय मोडली, घोडा पडला.

टक्.

आवाज एवढाच. पण काडतूस उडालं नव्हतं तरी नळीनं खाली अशी बुडी मारली, जशी कोंबडी दाण्यावर चोच मारते. धक्का नव्हता, धूर नव्हता, आवाज नव्हता. लपायला काहीच नव्हतं. हात उघडा पडला होता.

"नळी समोर! तसंच थांबा!" वस्ताद गरजले. न उडालेलं काडतूस उशिरानंही उडतं, म्हणून थांबायचं असतं. त्या थांबण्यात थोरलीला आपल्या हाताकडे बघायला भरपूर वेळ मिळाला. मग वस्तादांनी मान हलवली. तिनं पुन्हा ओढला.

टक्. कोंबडीनं पुन्हा दाणा टिपला. ह्या वेळी तर डावीकडे मान वाकडी करून.

मागे कुणीतरी हसलं. टोपणांतूनही तिनं ते ओळखलं. कितीतरी लग्नांत, बारशांत, भांडणांत ऐकलेलं हसू होतं ते. धाकटीचं.

वस्तादांनी रिव्हॉल्वर घेतलं, काडतुसं काढली, त्यांची बुडं उजेडात धरली. कडेवर ठोक्याची नुसती पुसट खूण होती. "स्प्रिंग कुणी सैल केली?"

काटेवाले उभे राहिले. शाळेत उभं राहतात तसे. "हिचं बोट दुखायचं," ते म्हणाले, सगळ्या तळघरासमोर. लग्नानंतर चार लोकांत त्यांनी बायकोबद्दल काढलेला हा पहिलाच उद्गार असावा, आणि वेळ त्यांनी नेमकी ही साधली.

"काडतूस न उडाल्यानं फेरी रद्द," वस्ताद म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा." मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल इतका खाली आणून, ते थोरलीला म्हणाले, "बाई, गोळी सुटायच्या आधीच तुमचा हात तिला भिऊन खाली दबतो. धक्क्यात ते दिसत नव्हतं. आज दिसलं. चापाला उगाच बोल लावत होतो आपण."

'आपण' म्हणाले, हा त्यांचा मोठेपणा.

निघताना थोरली वस्तादांशी दोन शब्द बोलली आणि दोघं घरी परतली. वाऱ्यानं उघडलेल्या दारातून आत गेली. काटेवाल्यांनी टेबलावर रुमाल पसरला, पेचकस काढला आणि खाली मान घालून म्हणाले, "होता तसा करून देतो."

"करा," थोरली म्हणाली. तिला खूप काही बोलायचं होतं. सगळ्यांसमोर अब्रू घालवलीत, विचारलं का नाहीत, तुम्हाला कुणी सांगितलं होतं. अशी वाक्यं ओळीनं उभी होती. पण दिवसभर आरशासमोर उभी राहणारी गिऱ्हाइकं तिला आठवली. कापड आखडलं, असं कोण कोण म्हणालं नव्हतं? आणि ती टाचण्या तोंडात धरून हसत होती. ज्या माणसानं स्प्रिंग सैल केली त्याच्यामुळे आज तिचं तिला दिसलं होतं. हे त्याला सांगितलं असतं तर त्यानं घरातली उरलेली यंत्रंही सैल केली असती, म्हणून तिनं सांगितलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "सकाळी माझ्याबरोबर क्लबात चला. वस्तादांना मी विचारलंय, ते थांबणार आहेत. तुम्ही चक्री भरायची. एखादं काडतूस, एखादी रिकामी पुंगळी, कुठे काय ते मला कळता कामा नये."

"म्हणजे?"

"म्हणजे उडणार की नाही ते मला माहीत नसेल. माहीत नसेल तर हात कशाला भिईल?"

काटेवाल्यांनी पेचकस खाली ठेवला. मग म्हणाले, "भिईलच की. जास्तच भिईल."

"भिऊ दे. मला दिसेल तरी."

मग आठवडाभर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दोघं तळघरात. वस्ताद कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत आणि डोळे मिटून सगळं बघत. काटेवाले पाठ फिरवून चक्री भरत, बायकोच्या हातात रिव्हॉल्वर देत आणि तिच्या मागे उभे राहत. आयुष्यभर ज्यांनी प्रत्येक गोष्ट सोपी करून दिली त्यांच्या वाट्याला आता बायकोला अडचणीत टाकायचं काम आलं होतं, आणि त्यात ते हळूहळू तरबेज होत गेले. एकदा तर त्यांनी सगळ्याच पुंगळ्या रिकाम्या भरल्या. थोरलीनं एकामागून एक पाच बुड्या मारल्या आणि वळून नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी टोपी सारखी केली.

"एकही नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि मी पाचही वेळा भ्याले."

"तिसऱ्या वेळी कमी भ्यालीस," काटेवाले म्हणाले. वजनकाट्यावर आयुष्य गेलेला माणूस तो. केसाएवढा फरकही त्याच्या नजरेतून सुटत नसे. ह्या कामासाठी अख्ख्या जगात हाच माणूस लागत होता आणि तो इतकी वर्षं तिच्या घरात कड्या सैल करत बसला होता.

चाप आता पूर्वीइतकाच जड होता. बोट ठणकायचं. पण आपण त्या चापाला लवकर संपवायची घाई करत होतो, हे तिला त्या जडपणातच कळायला लागलं. कडू औषध नाक दाबून गिळावं तसा ती चाप गिळत आली होती. आता ती तो सावकाश ओढायला लागली, शिवणीच्या शेवटी दोरा ओढावा तसा. ताण सोडायचा नाही आणि हिसका द्यायचा नाही. शनिवारी काटेवाल्यांनी मध्येच एक रिकामी घातली. टक् झालं आणि नळी जागच्या जागी राहिली. वस्तादांनी कोपऱ्यात एक डोळा उघडला आणि परत मिटला.

रविवारी ती रेघेवर उभी राहिली. मागे गर्दी गेल्या वेळेपेक्षा जास्त, कारण मागच्या रविवारची गोष्ट तोवर तिखटमीठ लागून गावभर फिरली होती. हातात रिव्हॉल्वर, चक्रीत पाच काडतुसं, आणि ही पाचही खरी आहेत हे तिला ह्या वेळी माहीत होतं. तेच अवघड होतं. पहिली गोळी खाली डावीकडे, जुन्या घरी. बाकावरच्या गोंदाचा वास इथवर आल्यासारखा वाटला. तिनं श्वास सोडला आणि स्वतःला सांगितलं, पुढची रिकामी आहे. ह्यांनी घातलीय. ह्यांच्यावर काय भरवसा!

पुढची काळ्यात गेली. त्यापुढचीही. एक कडेला चाटून गेली, ती वस्तादांनी भिंग लावून बघितली आणि काळ्यात धरली. शेवटची मधोमध नव्हती, पण मध्याची वाट विचारत निघालेली होती.

"रेघेवर," वस्ताद म्हणाले. बस्, एवढंच.

थोरलीनं टोपणं काढली तेव्हा क्लब निष्कर्षाला पोचलेला होता. चहाचा पहिला घोट घशाखाली जायच्या आत सगळ्यांचं ठरलं होतं की काटेवाल्यांनी चापावर काहीतरी कारागिरी केली. दोघं-तिघं आपापली रिव्हॉल्वरं घेऊन त्यांच्या भोवती उभे होते.

"मी काही नाही केलं हो," काटेवाले कळवळून सांगत होते. "होता तसा परत केला फक्त."

"हात कुणाला दाखवणार नाही, असंच असतं कारागिरांचं," एक जण म्हणाला.

"माझाही तेवढा होता तसा करून द्या," दुसरा म्हणाला.

थोरली कोपऱ्यात बसून नळीतून ब्रश फिरवत होती. धाकटी शेजारी येऊन बसली. बराच वेळ ती काही बोलली नाही, त्यामुळे थोरलीला काळजी वाटायला लागली.

"बरं नाही का गं तुला?"

"ताई, मी हसले मागच्या वेळी."

"ऐकलं मी."

"टोपणं होती की तुमच्या कानांवर."

"तुझं हसू अडवणारी टोपणं अजून निघायची आहेत."

धाकटीनं आपल्या रिव्हॉल्वरच्या मुठीवरून अंगठा फिरवला. महागडं, झुळझुळीत, कधी दगा न देणारं. "तेव्हापासून मला सारखं वाटतंय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "माझंही जात असेल का खाली? मी जिंकते म्हणून कुणी बघत नाही. काडतूस कधी फुसकं निघालंच नाही, तर कळणार कसं? परवा माझ्या तीन गोळ्या खाली लागल्या. मी म्हटलं, चाप."

इतक्या वर्षांत साठवून ठेवलेली उत्तरं थोरलीच्या जिभेच्या टोकावर धावत आली. त्यातली काही फारच सुरेख होती. तिनं ती परत पाठवली. ती काही वाया जात नाहीत, जावा असतातच.

"उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "वस्तादांना मी सांगते. तुझं मी भरेन."

"तुम्ही?"

"मग काय ह्यांना सांगू? ते तुझी दया करतील. मी करणार नाही."

"तीच तर भीती आहे," धाकटी म्हणाली, आणि तरीही आली. वेळेच्या आधी आली, एकटी आली, वस्तादांशिवाय तळघरात कुणी नाही ना हे वाकून बघून आली. थोरलीनं पाठ फिरवली, चक्री भरली आणि रिव्हॉल्वर जावेच्या हातात दिलं. धाकटी रेघेवर उभी राहिली, विजेतीच्या थाटात, मान ताठ, खांदा सरळ. तिनं चाप ओढला.

टक्.

आणि क्लबाच्या विजेत्या नळीनं अशी दणदणीत बुडी मारली की कोपऱ्यातल्या वस्तादांचे दोन्ही डोळे उघडले.

धाकटी तशीच उभी राहिली. मान ताठच होती, कानाच्या पाळ्या मात्र लाल होत चालल्या होत्या. वळून बघायची तिला हिंमत होत नव्हती. थोरली हसली नाही असं कसं म्हणावं? हसली. पण तोंड भिंतीकडे करून, पदर तोंडात कोंबून, खांदे हलू न देता हसली. मग चेहरा सरळ केला, पुढे झाली आणि जावेच्या कोपराखाली हात धरला.

"परत ओढ," ती म्हणाली. "सावकाश. मी आहे इथे."